फोन उचलणाऱ्याला आम्ही शिकवलंच नव्हतं

आईनं पहिला फोन केला तो सकाळी क्लिनिक उघडल्या उघडल्या, आणि तो तीन मिनिटंही चालला नाही. मुलगा १९ वर्षांचा, दीड महिना झाला खोलीतून फारसा बाहेर येत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावून ठेवलीये, रात्रभर कुणाशी तरी बोलत असतो आणि खोलीत दुसरं कुणी नसतं, एवढं त्या सांगेपर्यंत पलीकडनं प्रश्न आला, "पेशंटला कधी घेऊन येताय?" त्या म्हणाल्या, "अहो, तो यायला तयार नाही म्हणूनच तर फोन केलाय." उत्तर मिळालं, "ताई, पेशंट आल्याशिवाय इथे केस सुरू होत नाही, आणि पेशंटबद्दल आम्हाला फोनवर बोलता येत नाही." बरं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हे क्लिनिक आम्हीच ट्रेन केलेलं होतं, त्या फोनच्या चार महिने आधी, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहितेय. घरच्यांची आणि त्या मुलाची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असे तपशील बदललेत, पण जे चुकलं ते जसं चुकलं तसंच ठेवलंय.

आमचं काम असं, की मानसोपचाराच्या क्लिनिकला सायकोसिसच्या पहिल्या एपिसोडवर उपचार कसे करायचे ते शिकवायचं. सायकोसिस म्हणजे भास होणं, नसलेले आवाज ऐकू येणं, कुणीतरी आपल्या मागावर आहे याची पक्की खात्री पटणं, विचारांचा धागा तुटत जाणं. बहुतेकांना हे विशी-पंचविशीच्या आसपास पहिल्यांदा होतं, आणि तेव्हा लवकर गाठलं तर पुढचं बरंच काही वाचवता येतं. त्यासाठी एकटा डॉक्टर पुरत नाही, टीम लागते. कमी डोसमध्ये सुरू करून जपून वाढवलेलं औषध, त्या मुलासोबत नियमित बसणारा थेरपिस्ट, शिक्षण-नोकरीत मदत करणारा माणूस आणि घरच्यांसोबत चालणारं काम, हे सगळं एका छताखाली. अमेरिकेत रेझ नावाचा अभ्यास झाला, २१ राज्यांतली ३४ क्लिनिकं आणि ४०४ पेशंट, त्यात अशा टीमकडे गेलेल्यांची प्रगती नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगली दिसली. पण त्याच अभ्यासातला एक आकडा मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये फळ्यावर मोठ्ठा लिहिते, ७४. लक्षणं सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा मध्यक काळ ७४ आठवडे, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष, आणि ज्यांचा हा काळ त्याहून कमी होता त्यांनाच टीमच्या उपचारांचा जास्त फायदा झाला. त्या क्लिनिकातही लिहिला होता. डॉक्टर, समुपदेशक, केसवर्कर आणि नोकरी-शिक्षणवाली मुलगी, चौघांनीही वहीत उतरवून घेतला. रिसेप्शनवरचा दादा त्या दोन दिवसांत आमच्यासोबत नव्हता, कारण बाकी सगळे ट्रेनिंगला बसलेले असताना फोन कुणीतरी सांभाळायला हवा होता ना.

त्याला आम्ही काहीच शिकवलं नाही. आणि त्या आईला पहिला भेटला तो तोच.

मी नंतर त्याचं रजिस्टर बघितलं. रकाने चार: नाव, वय, कुणी पाठवलं, अपॉइंटमेंट. त्या दिवसाच्या ओळीत नाव कोरं, वय १९, कुणी पाठवलं कोरं, आणि शेवटच्या रकान्यात "पेशंट येत नाही". नऊ दिवसांनी पुन्हा अगदी तसंच. तिसरा फोन मुलाच्या मोठ्या बहिणीनं केला होता, तिथे "नातेवाईक, माहिती दिली" असं आहे. काय माहिती दिली विचारलं तर तो म्हणाला, "हेच, की घेऊन या." त्याची चूक मी धरत नाही, त्याला जे सांगितलं होतं तेच तो करत होता, आणि गोपनीयता हा शब्द त्याच्या कानावर इतका आदळलेला होता की घरच्यांशी बोलणं म्हणजेच नियम मोडणं असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

पहिल्या फोनपासून सात आठवडे गेले. मग एका रात्री मुलानं खिडकीची काच फोडली, कारण काचेतून त्याचं बोलणं बाहेर जातंय असं त्याला वाटत होतं, हात चांगलाच कापला, टाके घालायला इमर्जन्सीत न्यावं लागलं आणि तिथून चिठ्ठी घेऊन तो आमच्या या क्लिनिकात आला. म्हणजे पेशंट एकदाचा आला. केस सुरू झाली.

नॉर्वेमध्ये १९९७ पासून टिप्स नावाचा जो प्रकल्प चालला त्याचं मला इथे फार वाटतं. त्यांनी वर्तमानपत्रं, रेडिओ, शाळा यांतून लक्षणांची माहिती लोकांपर्यंत नेली आणि एक तपासणी टीम ठेवली जिला कुणीही थेट फोन करू शकेल, शिक्षक, आई, मित्र, स्वतः तो मुलगा, चिठ्ठीबिठ्ठीची गरज नाही. जिथे ही सोय होती तिथे उपचार सुरू व्हायचा मध्यक काळ ५ आठवडे निघाला, जिथे नव्हती तिथे १६. दहा वर्षांनी बघितलं तेव्हा सोय असलेल्या भागातले ३०.७ टक्के लोक बरे होऊन आपलं आयुष्य जगत होते, दुसरीकडे १५.१ टक्के. आणि मोहीम थांबली तसा उशीर परत वाढला, टीम तिथेच होती तरी. म्हणजे दार उघडं ठेवून भागत नाही, दार इथे आहे हे लोकांना सतत कळत राहावं लागतं. आमच्या क्लिनिकात तर त्या घराला दार आधीच सापडलेलं होतं, एकदा नाही, तीनदा.

आता दुसरा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो कारण तो ट्रेनिंग झालेल्या माणसांच्या हातून झाला.

पहिल्या भेटीत समुपदेशकांनी मुलाला विचारलं, "तुझ्या घरच्यांशी आम्ही बोललो तर चालेल का?" तो नाही म्हणाला. फॉर्मवर नाहीच्या चौकटीत खूण झाली आणि पुढचे तीन महिने क्लिनिकनं घरी एकही फोन केला नाही. आई बाहेर बाकावर बसायची, मुलगा आत जायचा, बाहेर यायचा, दोघं घरी जायचे. महिन्यातून दोनदा आमचा क्लिनिकसोबत सुपरव्हिजन कॉल असतो, वर्षभर चालतो, पण ते जी केस मांडतात तीच आम्हाला कळते, आणि ही केस मांडली गेली ती थेट तीन महिन्यांनी, या प्रश्नासह की औषध लागू पडत नाहीये, डोस दोनदा वाढवून झाला, आता दुसरं औषध जोडायचं की एकदम क्लोझापिनकडे, म्हणजे बाकीची औषधं लागू पडली नाहीत तर द्यायच्या औषधाकडे, जायचं.

मी विचारलं, "गोळी तो गिळतो हे कोण बघतं?"

कॉलवर शांतता. मग केसवर्कर म्हणाली, "आई देते असं तो म्हणतो." आईला विचारलंय का? "कन्सेंट नाहीये मॅडम."

इथे मी जे सांगितलं ते त्या टीमला नवीन होतं आणि खरं सांगायचं तर आमच्या दोन दिवसांत आम्ही ते घाईत उरकलं होतं. मुलाच्या परवानगीशिवाय त्याची माहिती घरच्यांना द्यायची नाही, हे बरोबर. पण घरच्यांचं ऐकून घ्यायला कुणी अडवलेलं नाही. आई जे बघते ते आईचं आहे, ते तिनं सांगितलं आणि तुम्ही ऐकलं तर मुलाचं कुठलंच गुपित फुटत नाही. सायकोसिस म्हणजे काय, औषधं कशी काम करतात, कुठली चिन्हं दिसली की लगेच कळवायचं, ही सर्वसाधारण माहितीसुद्धा कुणालाही देता येते, तिच्यात त्या मुलाचं काहीच नसतं. फक्त एक पथ्य, लपूनछपून करायचं नाही. आईशी बोलणं झालं हे मुलाला सांगायचं आणि त्याला आपण ते सांगणार आहोत हे आईला आधीच सांगायचं.

केसवर्करनं दुसऱ्या दिवशी फोन लावला. वाक्य आम्ही कॉलवर बसूनच पक्कं केलं होतं, चारपाचदा मोठ्यानं म्हणून बघितलं कारण सुरुवातीला ते फारच सरकारी वाटत होतं: "मी त्याच्याबद्दल तुम्हाला आत्ता काही सांगू शकणार नाही, पण घरात तुम्हाला काय काय दिसतंय ते मला ऐकायचंय, आणि आपण बोललो हे मी त्याला सांगणार आहे." त्या आई चाळीस मिनिटं बोलल्या. सुरुवातीची पाच मिनिटं नुसत्या रडत होत्या.

त्यांच्याकडे एक भिंतीवरचं कॅलेंडर होतं. प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीनं बारीक उभ्या रेघा, तो किती तास झोपला त्याच्या, आणि कोपऱ्यात एक ठिपका किंवा अर्धं वर्तुळ. ठिपका म्हणजे पूर्ण गोळी, अर्धं वर्तुळ म्हणजे अर्धी. औषध सुरू झाल्यावर तो चौदा-चौदा तास झोपायला लागला, झोपेत लाळ गळायची, उठला की पाय ओढत चालायचा, म्हणून आईनं दुसऱ्या आठवड्यापासून गोळी अर्धी करून द्यायला सुरुवात केली. डॉक्टरांनी डोस वाढवला की त्या पुन्हा अर्धा करायच्या. क्लिनिक कागदावर वाढवत होतं, घर सुरीनं कमी करत होतं, आणि मधल्या मधे तो मुलगा. तीन महिन्यांच्या त्या पानांवर सगळं लिहिलेलं होतं आणि ते कॅलेंडर बाहेरच्या बाकावर, पिशवीत, प्रत्येक भेटीला यायचं! त्या दाखवायलाच आणायच्या. कुणी विचारलंच नाही.

हे ऐकल्यावर क्लोझापिनचा प्रश्न तिथेच मिटला. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे, खरोखर पोटात जाऊनही फरक पडत नसेल तेव्हा क्लोझापिनचा विचार करायचा असतो, इथे पहिलंच औषध धड गेलेलं नव्हतं. डॉक्टर आधी जरा चिडले, साहजिक आहे, तीन महिने आपण चुकीच्या आकड्यावर निर्णय घेत होतो हे पचायला जड जातं. मी त्यांना रेझमधलीच एक गोष्ट सांगितली, की अभ्यासात आले तेव्हा त्या ४०४ जणांपैकी साधारण ३९ टक्क्यांच्या प्रिस्क्रिप्शनमध्ये काहीतरी बदलण्यासारखं सापडलं होतं, कुठे डोस जास्त, कुठे दोन अँटिसायकोटिक, म्हणजे सायकोसिसवरची औषधं, एकत्र, म्हणजे हे जगभर घडतं. पहिल्या एपिसोडमधल्या मुलांना कमी डोस पुरतो आणि साइड इफेक्ट मात्र जास्त होतात, हे त्यांना माहीत होतं, फक्त फरक दिसेना म्हणून हात वर वर जात राहिला. त्यांनी झोप कमी आणणारं दुसरं औषध निवडलं, छोट्या डोसनं, आणि या वेळी वजन, कमरेचा घेर, साखर, चरबी सगळं आधी मोजून.

मुलाला जेव्हा कळलं की केसवर्कर आईशी बोलली, तेव्हा तो दोन भेटी आलाच नाही. हे मी झाकणार नाही, ही किंमत मोजावी लागते कधीकधी. तिसऱ्या भेटीला आला तेव्हा केसवर्करनं परवानगीचा प्रश्न परत काढला, पण तुकडे करून. घरात कोणकोण आहे, त्यातल्या कुणाला काय कळलेलं चालेल, काय कळायला नको, आणि ही परवानगी कधी परत तपासायची. तो विचार करून करून सांगत गेला आणि तिनं त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं: "आईला गोळ्यांचं सांगा. झोपेचं सांगा. आवाज काय बोलतात ते नको. ताईला कॉलेजचं सांगितलं तर चालेल. बाबांना काही नको, त्यांना मी सांगीन."

आवाजांचं का नको, असं तिनं हळूच विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, आवाज आईच्याच आवाजात येतो, आणि आईला ते कळलं तर ती मरून जाईल.

तीन महिन्यांपूर्वीच्या त्या एका खुणेमागे हे होतं. मला आजही तो फॉर्म डोळ्यासमोर येतो. एवढ्या मोठ्या गोष्टीला आम्ही हो की नाही एवढीच जागा दिली होती. आता आम्ही ज्या ज्या क्लिनिकात जातो तिथे तो दोन चौकटींचा फॉर्म काढायलाच लावतो, आणि प्रश्न दर काही आठवड्यांनी पुन्हा विचारायला लावतो, कारण पहिल्या आठवड्यात संशयानं भरलेल्या मुलाचं नाही हे कायमचं नाही नसतं.

घरच्यांचे सेशन सुरू झाले तेव्हा आणखी एक गाठ वर आली. क्लिनिकचे समुपदेशक अनुभवी, मनानं चांगले, पण रोल प्लेमध्ये मी आई झाले आणि ते स्वतःच्याच भूमिकेत बसले तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "लहानपणी तुम्ही त्याच्याशी कडक वागायचात का?" मी आईच्या खुर्चीत होते आणि मला खरंच पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. हा जुना वारसा आहे. १९४८ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांच्या लिखाणात स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई अशी कल्पना आली आणि पुढे कित्येक वर्षं आयांनी तो आरोप सोसला, पुरावा काही नसताना. दुसरीकडे लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांच्या कामातून जे निघालं ते वेगळं होतं: हॉस्पिटलातून घरी गेलेला माणूस कुठल्या वातावरणात राहतो, सतत टीका, राग, किंवा अति गुंतलेली काळजी, यावर आजार उलटण्याची शक्यता कमीजास्त होते. म्हणजे घरानं आजार आणला असं कुणी सिद्ध केलं नाही, पण घर बरं होण्यात हात देऊ शकतं, आणि हात देणं शिकता येतं. हा फरक समुपदेशकांच्या जिभेवर बसेपर्यंत आम्ही तीन कॉल घालवले. त्यांनी पहिला प्रश्न बदलला. आता ते विचारतात, "हे सगळं सुरू झाल्यापासून तुमचं स्वतःचं कसं चाललंय?"

उपचार कसे व्हावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची शिफारस अशी, की घरच्यांसोबत तीन महिने ते एक वर्ष या काळात किमान १० ठरवलेली सेशन व्हावीत. या घराची बारा झाली. तिसऱ्या सेशनला मुलानं ठरवल्याप्रमाणे बाबांना स्वतः सांगितलं, केसवर्कर शेजारी बसलेली होती. बाबा इतके दिवस त्याला आळशी म्हणत होते, रोज सकाळी खोलीच्या दारावर थापा मारायचे. त्यांना कुणी समजावलंच नव्हतं की उठवत नाही, बोलावंसं वाटत नाही, चेहऱ्यावर काही उमटत नाही, हीसुद्धा आजाराचीच लक्षणं आहेत, भासांइतकीच खरी, आणि औषधानं ती तितकीशी हलतही नाहीत. ते ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे मी आजाराला ओरडत होतो." त्यानंतर बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, आणि समुपदेशकांनी ती शांतता भरायची घाई केली नाही. माझ्या मते त्यांच्या ट्रेनिंगमधला सगळ्यात चांगला क्षण तो.

सकाळी उठण्याचाच प्रश्न पुढच्या सेशनला सोडवायला घेतला. पद्धत साधी, प्रश्न एका वाक्यात मांडायचा, सुचतील ते सगळे उपाय वेडेवाकडे का असेनात लिहायचे, प्रत्येकाचे फायदे-तोटे बघायचे, एक निवडायचा, कोण कधी काय करणार ते ठरवायचं, आणि पुढच्या वेळी बघायचं जमलं का. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ विल्यम मॅकफार्लेन यांच्या अनेक कुटुंबांच्या गटात हेच चालतं, पाचसहा घरं एकत्र, दोन आठवड्यांनी दीड तास, त्यातला पाऊण तास एकाच घराच्या एकाच प्रश्नावर. आपल्या या घराचं ठरलं ते असं: दारावर थाप नाही, बाबांनी साडेनवाला एकदाच आत जाऊन पडदा उघडायचा आणि काही न बोलता बाहेर यायचं. पहिल्या आठवड्यात सातपैकी तीन दिवस जमलं. तीन म्हणजे चांगलं, असं आम्ही सगळेच म्हणालो, आणि ते मनापासून होतं.

रिसेप्शनवरच्या दादाला आम्ही वेगळं अर्धा दिवस शिकवलं, खरं म्हणजे त्यानंच आम्हाला शिकवलं, कारण लोक फोनवर नेमकं काय बोलतात हे टीममधल्या कुणापेक्षा त्याला जास्त माहीत होतं. "तो बोलत नाही आमच्याशी", "ती जेवत नाही, म्हणते त्यात काहीतरी टाकलंय", "परीक्षेचं टेन्शन असेल पण", ही वाक्यं त्यानंच दिली आणि आता ती त्याच्या टेबलावर कागदावर चिकटवलेली आहेत, यातलं काही ऐकू आलं की फोन ठेवायचा नाही, नंबर घ्यायचा आणि त्याच दिवशी केसवर्करकडे द्यायचा. इंग्लंडमध्ये २०१६ पासून असं लागू झालं की पहिल्या एपिसोडच्या निदान निम्म्या लोकांचे उपचार दोन आठवड्यांत सुरू झाले पाहिजेत. आमच्या क्लिनिकात तेवढं अजून जमलेलं नाही. पण पेशंट यायला तयार नसेल तर आधी घरचे दोघंच येऊन बसले तरी चालतं, आणि दोनदा केसवर्कर स्वतः घरी जाऊन आली.

वर्षाच्या शेवटी टीमचं मूल्यमापन केलं, अशा सेवांसाठी एक मोजपट्टी आहे, प्रत्येक बाबीला १ ते ५ गुण. घरच्यांचा सहभाग १ वरून ४ वर गेलाय. नोकरी-शिक्षणाची मदत अजून २ वरच आहे, कारण ती मुलगी निम्मा दिवस क्लिनिकचे हिशेब करते आणि तिला कॉलेजांत, कंपन्यांत जायला वेळच मिळत नाही. हे मी त्यांच्या प्रमुखांना स्पष्ट लिहून दिलंय. तो मुलगा त्यामुळेच कॉलेजला परत जायचा थांबलाय, दोन विषय घेऊन सुरुवात करायची त्याची तयारी आहे, परवानगीचं पत्र मिळवायला कुणी त्याच्यासोबत जायला हवं. सध्या ताई रजा काढून जाणार असं ठरतंय.

आवाज पूर्ण गेलेले नाहीत, कमी आहेत, आणि गेल्या महिन्यात त्यानं परवानगीच्या कागदावर आवाजांची ओळ स्वतः खोडून आईचं नाव लिहिलं. कॅलेंडर अजून चालू आहे, फक्त आता ते आत येतं, टेबलावर उघडून ठेवतात आणि ठिपके तो स्वतः काढतो. रजिस्टरला पाचवा रकाना आलाय, "फोन कुणी केला", आणि दादानं तो आपल्या हातानं पट्टी धरून, सगळ्या उरलेल्या पानांवर आखलाय.